तीन म्हटलं की दोन उघडतं

दिगंबर मटारच्या खोलीत अडकला तेव्हा त्याच्या अंगात हाफ शर्ट होता आणि खोलीचं तापमान उणे अठरा होतं. बाकीच्या गोष्टी सावकाश सांगता येतील, या दोन आधी सांगितलेल्या बऱ्या.

जाकीट दाराबाहेर खिळ्याला होतं. हिंदुरावांनी, म्हणजे त्या कोल्ड स्टोरेजच्या सुपरवायझरांनी, ते त्याच्यापुढे धरलंही होतं. "घाला सायेब, आत लई गार हाय." दिगंबर म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे." आमच्या धंद्यात ज्या कामाचा अंदाज काढायचा कंटाळा येतो त्याला दोन मिनिटांचं काम म्हणतात. थर्मामीटर, स्क्रूड्रायव्हर आणि स्वतःची बॅग घेऊन तो आत गेला. दार सरकत बंद झालं आणि बोल्ट पडला. आवाज आमच्या जाहिरातीत लिहिला होता तसाच भारदस्त आला.

कोल्ड स्टोरेज आप्पासाहेबांचं, गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. तीन खोल्या. एकमध्ये बटाटे, दोनमध्ये आईस्क्रीम, तीनमध्ये सोललेले मटार. तिन्ही दारं आणि तिन्ही थर्मामीटर एका जागेवरून चालवणारी पेटी आम्ही त्यांना बसवून देत होतो. आम्ही म्हणजे बुधवार पेठेत एका स्पीकरच्या दुकानावर बसणारी तीन माणसं: उल्कामॅडम, दिगंबर आणि मी, श्यामसुंदर. नाव आजोबांचं आहे, वय चोवीस. फोनवर लोक मला अहोजाहो करतात आणि समोर आलो की थांबतात. पेटी विटेएवढी. तिच्यातली ऑपरेटिंग सिस्टिम दिगंबरने स्वतः लिहिली होती, कारण बाजारात तयार मिळणाऱ्या सगळ्या त्याला आगाऊ वाटायच्या.

मी बाहेर बटाट्याच्या पोत्यावर लॅपटॉप मांडून बसलो होतो. आतून दारावर थाप पडली. मी "तीन उघड" असा हुकूम पाठवला.

दोन उघडलं.

आईस्क्रीमच्या खोलीतून पांढरी वाफ लोळत बाहेर आली, माझ्या चपलांपाशी थोडी घुटमळली आणि विरली. दार आपोआप बंद झालं. मी पुन्हा "तीन उघड" पाठवलं. पुन्हा दोन उघडलं.

"तुमी दोन दाबताय," हिंदुराव म्हणाले.

"मी तीन दाबतोय."

"मग दोन कसं उघडतंय?"

"तेच बघतोय."

"बघा. पर बिगीनं बघा. आत मानूस हाय."

दारात पंजाएवढी काच होती. दिगंबरने आतून दव पुसून तोंड दाखवलं आणि भुवया उंचावल्या. आम्ही एकमेकांशी ऑफिसात असंच बोलतो. त्याच्या भुवयांचा अर्थ होता, "काय चाललंय?" मी खांदे उडवले. त्याचा अर्थ त्याला कळला असावा, कारण तो काचेपासून मागे सरकला आणि हात काखेत घालून उड्या मारायला लागला.

आता कोणीही म्हणेल, त्यात काय, दार दुसऱ्या पद्धतीने उघडा. आम्हीही तेच म्हणालो. दाराला बाहेरून जुना स्विच होता. तो सकाळी आम्हीच काढला होता आणि आधुनिकीकरणाच्या आनंदात भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकला होता. आतून ढकलून उघडायचा एक दांडा होता. तो हिंदुरावांनी गेल्या उन्हाळ्यात काढून ठेवला होता, कारण पोरं आतून दार उघडून चहाला जायची आणि ते तसंच टाकायची.

"दांडा कुठे आहे?"

"हाय की. कुटंतरी हाय."

मेन स्विच बंद केला तर बोल्ट जिथे आहे तिथेच राहणार, चोरांसाठी तशी सोय केलेली. थंडीचं मशीन हिंदुरावांनी लगेच बंद केलं, पण मटारच गोठलेले. खोलीभर पोती, प्रत्येक पोतं बर्फाचं. ती खोली परवापर्यंत गरम झाली नसती. गॅस कटर आणावा तर दाराच्या पत्र्याआड फोम भरलेला. तो पेटतो, धूर आत जातो, आणि गोठण्याऐवजी माणूस गुदमरतो. अग्निशमन दलाला फोन केला होता. त्यांची गाडी निघाली होती आणि गल्लीच्या तोंडाशी टोमॅटोच्या टेम्पोमागे उभी होती. टेम्पोपुढे दुसरा टेम्पो होता. त्याचा ड्रायव्हर जेवायला गेला होता.

हिंदुरावांनी दोन माणसं दांडा शोधायला पाठवली, दोन त्या ड्रायव्हरला. मी उल्कामॅडमना फोन लावला.

"काय केलंस?" त्या म्हणाल्या. नमस्कार वगैरे भानगड त्यांच्याकडे नाही.

मी सांगितलं.

"दिगंबरने जाकीट घातलंय?"

"नाही."

"थरथरतोय?"

मी काचेतून पाहिलं. "हो. बराच."

"चांगलं आहे. थरथरायचं थांबला तर मला सांग. मी कोड उघडते."

थरथरणं चांगलं आणि थांबणं वाईट, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यानंतर मी दर थोड्या वेळाने काचेतून डोकावून माझा मित्र अजून नीट थरथरतोय ना, याची खात्री करून घेत होतो.

तेवढ्यात आप्पासाहेब लिलाव सोडून आले. पांढरा शर्ट, कपाळावर घाम, आवाज शांत. त्या आवाजानेच मला जास्त भीती वाटली.

"कोण हाय आत?"

"आमचे दिगंबर."

"मग आईस्क्रीमचं दार कशापायी उघडताय?"

"आम्ही तीनच उघडतोय. पण तीन म्हटलं की दोन उघडतं."

आप्पासाहेबांनी जरा विचार केला. "मग एक म्हना. दोन सोडून काई उघडतंय का बघा."

मी "एक उघड" पाठवलं. दोन उघडलं. मग काहीच सुचेना म्हणून "चार उघड" पाठवलं. चार नावाची खोलीच नव्हती. दोन उघडलं.

"हे फोनवर सांग त्यांना," आप्पासाहेब म्हणाले.

मी सांगितलं. पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. "म्हणजे तू लिहिलेला नंबर पेटी वाचतच नाहीये," मॅडम म्हणाल्या. "ती चिठ्ठीवरचा जुना नंबर धरतेय. थांब."

चिठ्ठी म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. पेटीत येणारा प्रत्येक निरोप, ज्याला पॅकेट म्हणतात, मेमरीच्या एका तुकड्यात बसतो. त्या तुकड्याला आम्ही डबा म्हणायचो. डब्याला बाहेरून चिठ्ठी: कुठून आला, कोणत्या दाराला जायचंय, काय तपासून झालंय, काय व्हायचंय. प्रत्येक नोंदीला चिठ्ठीवर एक घर. निरोप पोचला की डबा मांडणीवर परत, पुढच्या निरोपासाठी. नुकताच ठेवलेला डबा सगळ्यात वर असतो, म्हणून पुढच्याला तोच मिळतो. यात काही वावगं नाही, जगभर असंच चालतं. फक्त डबा परत ठेवताना चिठ्ठी पुसायची असते. नाहीतर तुमचा निरोप नव्या गावाला निघतो आणि डब्यावर पत्ता असतो जुन्या गावाचा.

सकाळी आम्ही दोन नंबरच्या खोलीत पहिला थर्मामीटर बसवला होता. तो तेव्हापासून इमानदारीने दर काही सेकंदांनी बोलत होता: खोली दोन, उणे वीस. खोली दोन, उणे वीस. थर्मामीटरचा नंबर वायरीवरूनच चिठ्ठीवर पडतो, वाचावा लागत नाही, म्हणून सगळ्यात वरच्या डब्यावर कायम दोनच लिहिलेलं. माझा "तीन उघड" त्याच डब्यात बसत होता आणि चिठ्ठी बघून आईस्क्रीमकडे जात होता.

"पण पेटी निरोप वाचून चिठ्ठीवर नवा नंबर लिहिते ना?" मी विचारलं.

"लिहिते. दार आधीच ठरलेलं नसेल तर. ठरलेलं असेल तर चौथ्या घरात एक असतो, मग पुन्हा बघत नाही. ते मी लिहिलंय. वेळ वाचतो." मॅडम थांबल्या. "पण चौथ्या घरात एक आला कुठून? परत ठेवताना दिगंबर सगळं पुसत असणार. बघते त्याचं."

मी काचेतून पाहिलं. दिगंबरने मटारचं एक रिकामं पोतं फाडून डोक्यातून घातलं होतं. उड्या कमी झाल्या होत्या. थरथर चालू होती.

फोनवर कीबोर्ड वाजत राहिला. मग मॅडम अगदी सपाट आवाजात वाचायला लागल्या. "डबा परत. दोन ओळी आहेत. डबा मांडणीवर ठेव. आणि, चिठ्ठी, चौथं घर, बरोबर एक. वर टीप आहे. 'साखर. रिकामा परत द्यायचा नाही.'"

मला ते लगेच कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. दिगंबर नारायण पेठेतला. त्याच्या आई, विजयमालाकाकू, शेजारणीचा डबा कधी रिकामा परत करत नाहीत. कोणी अळूवड्या पाठवल्या तर डबा घासून जातो खरा, पण त्यात काही नाही तर चिमूटभर साखर असते. दिगंबरने तसंच केलं होतं. वापरलेला डबा कोणता आणि कोरा कोणता हे ओळखू यावं म्हणून त्याने परत ठेवताना चौथ्या घरात एक टाकला होता. ते घर मोकळं आहे असं त्याला वाटत होतं. काकूंनी निदान डबा घासला असता.

"चौथं घर मी घेतलंय हे त्याला मी सांगितलं होतं का?" मॅडमनी विचारलं.

"माझ्यासमोर तरी नाही."

"मग नसेल सांगितलं."

"पण ऑफिसात तर सगळं चालत होतं."

"ऑफिसात आपण कशावर चालवून बघितलं?"

आम्ही ते ऑफिसातल्या संडासाच्या दारावर चालवून बघितलं होतं. तेवढं एकच दार होतं. चिठ्ठीवरचा पत्ता जुना असो की नवा, निरोप संडासालाच जायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

"ओळ बदलली," मॅडम म्हणाल्या. "पाठवतेय तुला. पेटीत चढव."

फाइल आली. मी ती पेटीकडे पाठवली. स्क्रीनवर पट्टी निम्म्यापर्यंत भरली आणि माझ्या मागून धाडकन आवाज आला. दोन नंबरचं दार उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं, आणि मध्येच अर्धवट थांबून गुरगुरत राहिलं.

"आता काय?" आप्पासाहेब म्हणाले.

आता असं झालं होतं की दुरुस्तीसुद्धा पॅकेटमधूनच जाते. पॅकेट त्याच न धुतलेल्या डब्यात बसलं, आणि दुरुस्ती पेटीकडे न जाता आईस्क्रीमच्या दाराकडे गेली. त्या दाराने तिचा आपल्या कुवतीप्रमाणे अर्थ लावला होता.

"केबल लाव," मॅडम म्हणाल्या. "नेटवर्क सोड, थेट केबलने चढव."

"केबल दिगंबरच्या बॅगेत आहे."

"बॅग कुठे आहे?"

मी काचेकडे पाहिलं.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या.

मी काचेपाशी गेलो. दिगंबर दाराला पाठ टेकून उभा होता. मी काचेवर टकटक केली, तो वळला. ओठांचा रंग जांभळाच्या अलीकडे. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण भुवया उचलल्या नाहीत. आणि तो थरथरत नव्हता.

"मॅडम, थांबलाय."

पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग रस्त्यावरचे हॉर्न. "मी निघालेय. बोलत राहा. डबा धुता येत नाही, बरोबर? केबल नाही, फाइल जात नाही. चिठ्ठी जुनीच राहणार."

"हो."

"मग जुन्या चिठ्ठीवर तीन लिहिलेलं असेल असं काहीतरी कर."

मला वाटतं हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी उठलो होतो. पेटी दुरुस्त करायचीच नव्हती. ती चुकतेय तर तीनकडे चुकू दे. कोणत्याही निरोपाला ती आधीच्या निरोपाच्या पत्त्यावर पाठवते ना, मग आधीचा निरोप तीन नंबरच्या खोलीतून यायला हवा. दिगंबर ज्याच्यासाठी आत गेला होता तो थर्मामीटर त्याच्या शेजारच्या भिंतीवर होता, स्क्रू मारून बसवलेला. त्याच्या दोन वायरी भोकातून आलेल्या वायरींना जोडायच्या राहिल्या होत्या. त्या जोडल्या की तो बोलणार: खोली तीन. मधे दुसरं कोणी बोललं नाही तर वरच्या डब्यावर तीन. त्यावर माझा हुकूम.

मी पेटीतून दोन नंबरच्या थर्मामीटरची वायर उपटली. आईस्क्रीमच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, मार्करने "वायर जोड" लिहिलं आणि काचेला लावलं.

दिगंबरने वाचलं. वेळ लागला. मग त्याने काचेवरच्या दवात नखाने काहीतरी लिहिलं. त्याच्या बाजूने सरळ, माझ्या बाजूने उलटं. मी मान वाकडी करून वाचलं.

"का".

माणूस गोठत होता आणि त्याला कारण हवं होतं. नारायण पेठेतला माणूस.

मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला "नंतर" लिहिलं.

ते त्याला पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण तो वळला. मला त्याची पाठ आणि उजवा कोपर दिसत होता. बोटं वायर धरायला जायची आणि वायर सुटायची. पुन्हा धरायची, पुन्हा सुटायची. त्याने दोन्ही तळवे तोंडाशी नेऊन फुंकले. मग वायर दातांत धरली आणि मान तिरकी करून दुसऱ्या वायरीजवळ नेली. स्क्रूड्रायव्हर खाली पडला, आवाज आला नाही. तो वाकला. पुन्हा दिसेपर्यंत मी श्वास घेतला नाही. आप्पासाहेब माझ्या खांद्यावरून बघत होते आणि त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता, म्हणजे ते घेत होते.

"काय करतोय त्यो?"

"वायर जोडतोय."

"दातानं?"

"हो."

"इंजिनेर हाय ना?"

"हो."

स्क्रीनवर ओळ उमटली: खोली तीन, उणे अठरा.

मी झेप घेऊन एंटर दाबलं. खरं तर हुकुमात काय लिहिलंय याला आता काही अर्थ नव्हता, "सोळा उघड" लिहिलं असतं तरी चाललं असतं. तरी मी तीनच लिहिलं होतं.

दोन उघडलं.

मी स्क्रीनकडे पाहिलं. खोली तीन, उणे अठरा. त्याखाली: खोली दोन, उणे बारा. मी पेटीकडे पाहिलं. दोन नंबरची वायर जागच्या जागी होती.

"ही वायर कोणी लावली?"

"म्या," हिंदुराव म्हणाले. "लोंबकळत व्हती. म्हनलं सुटली वाटतं. चांगली घट लावली."

मी त्यांना काही बोललो नाही. बोलायला जे शब्द लागतात ते आप्पासाहेबांनी माझ्या वतीने वापरले. मी वायर पुन्हा उपटली आणि हिंदुरावांच्या हातात दिली. "ही धरून उभे राहा. काहीही झालं तरी लावू नका."

"बरं."

"मी सांगितलं तरी लावू नका."

"बरं."

आता तीनचा थर्मामीटर पुन्हा बोलायची वाट. तो दर काही सेकंदांनी बोलतो. ते सेकंद गेले. आणखी गेले. स्क्रीनवर काही नाही.

मी काचेपाशी गेलो. दिगंबर दिसत नव्हता. मी पायाच्या बोटांवर उभं राहून खाली पाहिलं. तो दाराला टेकून खाली बसला होता, पोत्यात, मान छातीवर. थर्मामीटरपासून एक वायर सुटून लोंबत होती.

मी दारावर मुठीने मारलं. आप्पासाहेबांनी बटाट्याची पोती उचलायचा लोखंडी आकडा घेतला आणि त्याच्या मुठीने दार ठोकायला सुरुवात केली. सगळे हमाल आले आणि तेही ठोकायला लागले. त्यात एक बाई होत्या, सोजरबाई, मटार निवडणाऱ्या. त्या दाराच्या फटीशी तोंड नेऊन शाळेतल्या मास्तरणीसारख्या ओरडल्या, "ए बाबा, झोपू नगंस. ऊठ. उठतूस का न्हाई?"

फोनवरून मॅडमचा आवाज आला. "कसला आवाज आहे?"

"उठवतोय त्याला."

पलीकडे रिक्षाचा हॉर्न सतत वाजायला लागला. रिक्षावाल्यालाही सांगितलं असावं.

दिगंबरची मान वर आली. तो भिंतीला धरून उभा राहिला, गुडघ्यातून वाकत, दोन वेळा परत बसत. वायरीकडे पाहिलं. स्क्रू वगैरेच्या भानगडीत तो आता पडला नाही. त्याने सुटलेली वायर तिच्या जागेवर ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली. अंगठा पांढरा पडला होता, दाबल्यामुळे की थंडीमुळे ते सांगता येत नव्हतं.

मी लॅपटॉपपाशी गेलो. एंटरवर बोट.

काही नाही.

हिंदुराव वायर दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते, सत्काराला आलेल्या माणसाने नारळ धरावा तसे.

खोली तीन, उणे सतरा.

मी दाबलं.

बोल्ट मागे गेल्याचा आवाज आला आणि तीन नंबरचं दार सरकायला लागलं. पूर्ण उघडायच्या आत आप्पासाहेब आडवे घुसले, फटीत आकडा अडकवला आणि दिगंबरला काखेत धरून बाहेर ओढलं. दिगंबरचा अंगठा वायर दाबल्याच्या आकारातच राहिला होता.

त्याला आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये नेलं. सोजरबाईंनी त्याच्या अंगावर पोती, जाकिटं आणि आप्पासाहेबांची शाल असं जे मिळेल ते घातलं. गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी बोटं एकेक करून तपासली. ते कोमट पाण्याचं घमेलं मागत असतानाच दिगंबर पुन्हा थरथरायला लागला. मी एवढ्या आनंदाने कोणाला थरथरताना कधी पाहिलं नव्हतं.

"बोटं राहतील," डॉक्टर म्हणाले. "अंगठ्याची कातडी जाईल. हात पाण्यातून काढायचे नाहीत. थोड्या वेळाने दवाखान्यात आणा."

अग्निशमनची गाडी तेव्हा पोचली. मागोमाग उल्कामॅडमची रिक्षा. मॅडम आत आल्या, दिगंबरकडे पाहिलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

"का?" दिगंबरने विचारलं. दात वाजत होते, तरी प्रश्न तोच. मी "नंतर" म्हणालो होतो आणि त्याच्या मते ते नंतर आलं होतं.

मॅडमनी सांगितलं. साखर, चौथं घर, संडासाचं दार, सगळं. स्वतःचा वाटा आधी सांगितला. दिगंबर घमेल्यातल्या हातांकडे बघत ऐकत होता.

"रिकामा परत ठेवला तर वापरलेला ओळखायचा कसा?" तो म्हणाला.

"ओळखायचाच नाही," मॅडम म्हणाल्या. "वापरलेला आणि कोरा यात फरक राहता कामा नये. फरक राहिला की कोणीतरी त्याचा अर्थ लावतं. आज मी लावला."

दिगंबरने हात पाण्यात आणखी खाली घातले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "श्याम्या, केबल माझ्या बॅगेत आहे. साखरेची ओळ काढ. तिथे सगळी चिठ्ठी पुसायची लिही. एकेक घर नको, सगळी. नवं घर कोणी वाढवलं तरी आपोआप पुसलं गेलं पाहिजे."

"आणि डबा घेतानाही पुस," मॅडम म्हणाल्या.

"दोनदा कशाला? परत ठेवताना पुसलं की झालं."

"परत ठेवताना तू पुसतोस यावर माझा आज दुपारपर्यंत विश्वास होता."

मी दोन्हीकडे पुसायचं लिहिलं. मॅडमच्या घरांना वेगळी चिठ्ठी आणि दिगंबरच्या घरांना वेगळी, असंही ठरलं, म्हणजे एकाच्या साखरेत दुसऱ्याचा चमचा जायला नको. ते मी तिथेच बसून लिहिलं आणि त्या दोघांनी माझ्या दोन्ही खांद्यांवरून ओळ न ओळ वाचली. केबल लावली. पट्टी शेवटपर्यंत भरली. कोणतंही दार गुरगुरलं नाही.

"चला, करून बघू," मी म्हणालो.

"आतला दांडा लागल्याशिवाय नाही," दिगंबर म्हणाला. हे त्याने आप्पासाहेबांना सांगितलं, आणि आप्पासाहेबांनी हिंदुरावांकडे नुसतं पाहिलं. दांडा तोवर सापडला होता. बटाट्याच्या खोलीत दार अडवायला लावलेला होता. हिंदुरावांनी तो तीनला बसवला. एक आणि दोनचेही दांडे कुठून तरी निघाले. अग्निशमनच्या जवानांनी तिन्ही आतून ढकलून पाहिले आणि मग ते चहा प्यायला थांबले. आप्पासाहेबांनी आपली माणसं बाहेर ओळीत उभी केली, प्रत्येकाचं नाव घेऊन, आणि तिन्ही खोल्यांत आत कोणी नाही हे स्वतः पाहून आले. एका हमालाला त्यांनी दोनदा मोजलं, तो मधे जागा बदलत होता.

दारं बंद झाली. मी हिंदुरावांना म्हणालो, "आता ती दोनची वायर लावा."

"तुमी सांगितलं तरी लावायची न्हाई, म्हनाला व्हतात."

"आता लावा."

त्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी मान हलवल्यावर लावली. खोली दोन, उणे नऊ. खोली दोन, उणे नऊ. म्हणजे वरच्या डब्यात दोन बसून गेलं होतं, दुपारसारखंच. मी "तीन उघड" लिहिलं.

"थांब," दिगंबर म्हणाला. शालीत गुंडाळलेला तो डॉक्टरांना न विचारता उठून आला होता. हातांतून पाणी ठिबकत होतं. "मी दाबतो."

बोटं वाकत नव्हती. त्याने मनगट लॅपटॉपवर टेकवलं आणि हाताच्या कडेने एंटर दाबलं.

तीनचं दार उघडलं. पण तिकडे कोणी पाहिलं नाही. मी, मॅडम, आप्पासाहेब, हिंदुराव, सोजरबाई, हमाल आणि हातात चहाचे ग्लास धरलेले चार जवान, आम्ही सगळे दोन नंबरच्या दाराकडे बघत उभे होतो. तीन आपोआप बंद झालं. दिगंबरने पुन्हा दाबलं. पुन्हा तीन. त्याने पुन्हा दाबलं, मग पुन्हा. दोन जागचं हललं नाही.

"आता हे हलंना," आप्पासाहेब म्हणाले. "बिघडलं का सुदारलं?"

"सुधारलं," दिगंबर म्हणाला, आणि परत दाबलं.